तिच्या सशाची पांढरी रेघ

मला हेवा वाटतो हे मी कधी लपवलं नाही. म्हणजे तोंडानं बोलले नाही, पण तोंडावर सगळं दिसायचं. आई म्हणायची, हिच्या पोटात काय शिजतंय ते गल्लीच्या टोकाला उभं राहून सांगता येतं. सत्तरीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा. मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून त्याच विभागात संशोधनाला राहिले होते, आणि सबंध वर्षभर माझ्या पोटात एकच माणूस दुखत होतं. ते माणूस माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचं.

ती सांगलीचीच. जैन घरातली. वडिलांची पेठेत हळदीची अडत, तिकडं तासगावाच्या बाजूला मामाच्या द्राक्षाच्या बागा. नेसायची साधंच, पण इस्त्रीचं. वेणी सकाळी घातलेली संध्याकाळी तशीच. मी साताऱ्याजवळच्या एका खेड्यातली. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, घरचा ऊस, आणि मी मावशीच्या घरी माळ्यावर राहणारी. माझी वेणी दुपारच्या आत सुटायची. आता हे काही हेवा करण्याचं कारण नव्हे, हे मलाही कळतं. पण हेवा कारण विचारून येतो का?

आमच्या सरांना चिलटांचं वेड होतं. केळी काळी पडली की भोवती जी बारीक चिलटं भिरभिरतात, तीच. पुस्तकात त्यांना फळमाशी म्हणतात. मी घरी सांगितलं की मी चिलटांवर काम करते, तर आमची चुलती म्हणाली की मग आमच्या गुऱ्हाळावर ये की, तिथं पोत्यानं मिळतील. सरांना चिलटाच्या अंड्यात वाढणारा गर्भ बघायचा होता, आणि त्या गर्भात कुठलं प्रथिन नेमकं कुठं असतं ते शोधायचं होतं. आता प्रथिन काही डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सशाला कामाला लावायचं. अंड्यातलं ते प्रथिन वेगळं काढून सशाला टोचलं की सशाचं शरीर म्हणतं, हे कोण परकं आलं? आणि त्या परक्याला पकडणारे प्रतिपिंड रक्तात तयार करतं. सशाचं रक्त काढून त्यातला निवळ रस, म्हणजे सीरम, घ्यायचा, त्यातल्या प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडायचा आणि ते गर्भावर सोडायचे. जिथं ते प्रथिन असेल तिथं जाऊन ते चिकटतात आणि ती जागा अंधारात उजळते.

ती उजळलेली जागा बघायचा सूक्ष्मदर्शक मात्र आमच्याकडं नव्हता. तो बंगलोरला होता, सरांच्या मित्राच्या प्रयोगशाळेत. त्या मित्रानं सरांना निरोप धाडला होता की चांगलं सीरम तयार करा आणि ते घेऊन तुमचा एक विद्यार्थी इकडं पाठवा, त्याला पुढं इथंच ठेवून घेतो. एक म्हणजे एकच. सरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, दोघींना एकेक ससा देतो, प्रथिन एकच, टोचण्या सारख्याच. जिचं सीरम चांगलं उतरेल ती बंगलोरला जाईल. आणि मग त्यांनी चष्मा पुसत आम्हाला सांगितलं की यात स्पर्धा वगैरे मानू नका. झालं! म्हणजे त्या दिवसापासून स्पर्धाच.

मला बंगलोरला जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगते. चिलटाची अंडी मी रोज बघायचे. तांदळाच्या कणीच्याही कणीएवढं पांढरं अंडं, ओल्या ब्रशच्या टोकावर चिकटलेलं. आत एक सबंध जीव घडतोय आणि मला वरून फक्त पांढरं टरफल दिसतंय, याची मला चीड यायची. आत काय चाललंय ते मला बघायचं होतं. माझ्या आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर मला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नाही.

आणि घरी दुसरंच चाललं होतं. सुट्टीला गावी गेले तेव्हा आबांनी मला सोप्यात बोलावलं. आबांचं बोलणं म्हणजे हुकूम, त्यात गोलगोल काही नसायचं.

"दिवाळीपातूर शिक," ते म्हणाले. "पोरगं फौजंत हाय, घर चांगलं हाय, ती मान्सं लय दिस थांबायची न्हाईत."

मी म्हटलं, "आन आबा, बंगलोरला माझी निवड झाली तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "झाली तर जा. मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली तर मंग तू बी बोलायचं न्हाई."

आबा शब्दाला जागणारे. दोन्ही बाजूंनी. म्हणून मला हायसंही वाटलं आणि धडकीही भरली. साताऱ्याहून परतताना एस.टी.त कराडपर्यंत मी डोळे मिटून बसले होते आणि मनात फक्त दोन ससे होते.

काम तसं सुरू झालं होतं. चिलटांनी अंडी घालावीत म्हणून आम्ही काचेच्या बशीत फळांचा रस अगरची भुकटी घालून खरवसासारखा घट्ट करून ठेवायचो. द्राक्षाच्या रसावर चिलटं जीव टाकतात, अंडीही भरपूर घालतात. आता द्राक्षं कुणाकडं? तिच्याकडं. मामाच्या बागेतून पाटी यायची. पहिल्यांदा पाटी आली तेव्हा मी मुद्दाम केळी कुस्करत बसले, मान वर केली नाही. तिनं निम्मी द्राक्षं काही मोजमाप न करता माझ्या टेबलावर ओतली आणि आपल्या कामाला लागली. भांडली असती, लपवली असती, तर मला बरं वाटलं असतं. द्यायचं आणि वर बोलायचंही नाही, याला काय म्हणायचं? मी ती द्राक्षं वापरली. चार खाल्ली पण.

डबाही ती जास्तीचा आणायची. कांदा-लसूण नाही, कंद नाही, तरी तिच्या घरच्या आमटीला जी चव होती ती माझ्या मावशीच्या हाताला कधी आली नाही. मी रोज तिच्या डब्यातलं खायचे आणि रोज तिच्यावर जळायचे. सर तिला अहो म्हणायचे आणि मला अगं. तिचा आकडा चुकायचा नाही. सशाला टोचताना ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची, आणि ससा हलायचा नाही. माझा ससा मला ओचकारून काढायचा.

माझा ससा. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. दोन्ही ससे आले तेव्हा सारखेच होते, पांढरे, लाल डोळ्यांचे, घाबरलेले. तिनं आपल्या सशाला घास घातला, हिरवा, धुऊन, पुसून. मी म्हटलं, नुसत्या गवतावर रक्त कसं धरणार? आमच्याकडं बेंदराच्या सणाआधी बैलाला खुराक देतात, कणकीचे गोळे, गूळ, तेल. बैल असा चमकतो की शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो. माझा ससा मला तसा करायचा होता. तिच्या सशापेक्षा दांडगा, तुकतुकीत. बघणाऱ्यानं म्हणावं, वा! आणि खुराक तर आमच्या हाताशीच होता. चिलटांना आम्ही मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून त्याची खीर बाटल्यांतून घालायचो. त्या बाटल्या जुन्या झाल्या की आतलं सगळं टाकून द्यायचं. सांगलीचा एक नंबर गूळ! तो उकिरड्यावर जाताना बघून माझं काळीज तुटायचं. आमच्या घरी तांदळाचं धुवण सुद्धा म्हशीला जातं. मी जुन्या बाटल्या चमच्यानं खरवडून ते सगळं सशापुढं ठेवायला लागले. पहिल्या दिवसापासून, टोचण्या सुरू व्हायच्याही आधी. त्यात मेलेली चिलटं असायची, अळ्या असायच्या, कोष असायचे. ससा मिटक्या मारून खायचा.

तिनं मला एकदा अडवलं होतं. म्हणाली, त्यात जीव असतात गं, नको घालू. मी नाक मुरडलं. म्हटलं, तुझा धर्म तुझ्या सशाला लाव, माझा मराठ्याचा ससा आहे. ती हसली आणि आपल्या सशाकडं वळली. मला वाटलं, जिंकले.

ससा खरंच फुगला. उचलताना दोन हात लागायचे. सर येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारायचे. तिचा ससा शेजारी बारकुडा दिसायचा, आणि मला त्या काळात फार शांत झोप लागायची.

मग परीक्षा घ्यायची वेळ आली. ती परीक्षा अशी. काचेच्या बशीत अगरचा पातळ थर ओतायचा. त्यात मधे एक भोक आणि भोवती काही भोकं पाडायची. मधल्या भोकात सशाचं सीरम, भोवतीच्या भोकांत अंड्यांचा रस. दोन्ही अगरमधून एकमेकांच्या दिशेनं झिरपत जातात. सीरममध्ये प्रतिपिंड असले तर दोघांची गाठ पडते तिथं पांढरी रेघ उमटते. नसले तर बशी कोरी. लपवायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बश्या उजेडात धरल्या. तिच्या बशीत रेघ होती. बारीक, पण स्वच्छ, भुवईसारखी. माझी बशी कोरी होती. मी ती तिरकी धरली, उलटी धरली, पदरानं पुसली, खिडकीत नेली. सर म्हणाले, होतं असं, कुठला ससा लवकर देतो, कुठला उशिरा. आणखी एक टोचणी देऊ.

आणखी एक दिली. तिच्या सशाची रेघ जाड झाली. माझी बशी कोरी. आणखी एक. माझी बशी कोरी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. रेघ तिच्या सशाची आणि मान तिची ताठ, असं मला वाटायचं. खरं तर तिची मान होती तशीच होती. ती मला म्हणायची, पुढच्या वेळी येईल बघ. तिनं असं म्हटलं की मला हातातली बशी फरशीवर आपटावीशी वाटायची. बशी आपटली नाही, पण एकदा परीक्षानळी फोडली आणि हातातून निसटली म्हणून सांगितलं.

उन्हाळा सरला, पाऊस पडून नदीला पाणी चढलं आणि उतरलं. एके दिवशी मी पिंजऱ्याशी बसून सशाला खुराक घालत होते, तेव्हा सर मागं येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे काय घालतेस? मी अभिमानानं सांगितलं. कधीपासून? पहिल्यापासून, सर. सरांनी चष्मा काढला.

"जे रोज खाण्यातून पोटात जातं त्याला शरीर परकं मानत नाही," ते म्हणाले. "मानलं असतं तर आपण रोजच्या भाकरीशी भांडत बसलो असतो. तुझा ससा टोचायच्या आधीपासून चिलटं खातोय. त्यानं ती बहुतेक आपली मानलीत."

मी सशाकडं पाहिलं. तो पुढचे पाय ताटलीत रोवून चाटत होता. इतका राग आला मला! आधी सशाचा, मग सरांचा, मग तिचा, आणि मग फिरून माझा. मी त्याला प्रेमानं खायला घालत होते का? छे. तिच्या सशापेक्षा तो दांडगा दिसावा म्हणून घालत होते. हेव्यापायी पोसला आणि हेव्यापायीच घालवला. नवा ससा आणून पहिल्यापासून सुरुवात करायला दिवाळीच्या आत वेळ नव्हता. सरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि एकदाच मला अगं न म्हणता नुसतं नावानं हाक मारली.

आता माझी एकच आशा उरली होती, आणि ती चांगली नव्हती. तिचंही सीरम बिघडलं पाहिजे. दोघींचंही नाही तर सर बंगलोरच्या मित्राला थांबायला सांगतील, आणि मग आबांना मी म्हणू शकेन की निवड अजून व्हायचीय. मी देवळात जाऊन तसं मागितलं नाही, एवढंच. मनात रोज मागत होते.

तिच्या सशाला शेवटची टोचणी झाली होती. त्यानंतर ठराविक दिवसांत प्रतिपिंड रक्तात सर्वांत जास्त असतात, तेव्हाच भरपूर रक्त काढायचं. ते दिवस गेले की रेघ पुन्हा फिकी पडत जाते. आणि नेमके तेच दिवस भाद्रपदात तिच्या दशलक्षण पर्वात आले. त्या दहा दिवसांत ती एकवेळ जेवायची, सकाळी मंदिरातून यायची ती कपाळाला गंध लावून. एरवी सशाचं रक्त काढताना ती मन घट्ट करून काढायची पण काढायची. पर्वात मात्र नाही. ती माझ्या टेबलाशी आली आणि उभी राहिली.

"या दिवसांत माझ्या हातून रक्त निघायचं नाही," ती म्हणाली. "तू काढशील का?"

मी म्हटलं, सरांना सांग. ती म्हणाली, सरांचा हात कापतो. मी म्हटलं, दुसरं कुणी बघ. तिनं मान हलवली आणि म्हणाली की तूच काढ. आणि गेली मंदिरात! एवढा विश्वास टाकून जाणाऱ्या माणसावर किती चीड येते हे ज्याच्यावर टाकला जातो त्यालाच ठाऊक.

सकाळी सकाळी मी तिचा ससा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. कान साफ केला, झायलीन या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला, शीर फुगून वर आली. ब्लेडनं हलकेच चीर दिली. थेंब पडायला लागले, मग धार. मी नळी कानाखाली तिरकी धरली. आणि तेव्हा विचार आलाच. विचार आला त्याला मी काय करणार? ही नळी नुसती जोरात हलवली की पुरे. रक्तातल्या लाल पेशी फुटतात, सीरम लालभडक होतं, कामातून जातं. किंवा खिडकीतल्या उन्हात विसरायची. कुणालाही वाटेल, झालं असेल. तिला तर काहीच वाटणार नाही, ती मलाच धीर देईल.

पण माझे हात. गुरांच्या अंगावरचे गोचीड काढण्यापासून ते वासराला दवा पाजण्यापर्यंत सगळी कामं लहानपणी केलेले हात. ते कामाला लागले की माझं ऐकत नाहीत. नळीला धक्का न लावता त्यांनी ती भरली, कान दाबून रक्त थांबवलं, सशाला पाणी पाजलं. गुठळी जमली तेव्हा काचेच्या काडीनं ती अलगद कडेनं सोडवली आणि नळी बर्फात ठेवली. दुसऱ्या दिवशी गुठळी आकसली होती आणि वर सीरम जमलं होतं. पिवळं, निवळ, लालीचा मागमूस नाही. एवढं स्वच्छ सीरम त्या विभागात कुणी काढलं नव्हतं, हे सर म्हणाले, मी म्हणत नाही.

त्याची बशी लावली. रेघ अशी उमटली की दारातून दिसावी. मी ती बशी हातात घेऊन उभी होते आणि मला हुंदका आला. माझ्याच हातानं मी माझ्या लग्नाचा मुहूर्त काढला होता. आणि खोटं कशाला बोलू, ती रेघ बघून छाती फुगली सुद्धा. पण ती सशाची, आणि ससा तिचा.

पर्व संपलं. त्यांच्याकडं त्यानंतर क्षमावाणी असते. वर्षभरात ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांकडं जाऊन हात जोडायचे आणि क्षमा मागायची, चूक आठवत असो वा नसो. ती पांढरी साडी नेसून आली. सरांपुढं हात जोडले, शिपाई मामांपुढं जोडले, पिंजऱ्यापुढं उभी राहून दोन्ही सशांपुढं जोडले. मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर.

माझं तोंड सुटलं. म्हटलं, क्षमा मागतेस, आणि तुझा ससा माझ्या हातात कशाला दिलास? मी रक्त बिघडवलं असतं म्हणजे?

"तुला माझा हेवा वाटतो ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय," ती म्हणाली. "म्हणून तर दिला."

मला कळेना.

"ज्याला एखादी गोष्ट एवढी हवी असते," ती म्हणाली, "त्याच्या हातून ती सांडत नाही."

तिचे हात अजून जोडलेलेच होते. रीतीप्रमाणं मीही हात जोडून तेच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बरं. आणि पिंजरा धुवायला घेतला.

निवड तिची झाली. दुसरं काय होणार? दिवाळीच्या आत ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये सीरमच्या कुप्या घेऊन मिरजेहून गाडीत बसली. सर पोहोचवायला गेले होते, मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मावशीच्या माळ्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आबांनी विचारलं, काय झालं तुझ्या बंगलोरचं? मी म्हटलं, न्हाई झालं. त्यांनी त्या फौजेतल्या पोराच्या घरी निरोप धाडला. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माझं.

नवरा चांगला मिळाला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच त्याच्यावर खार खाईल. शांत, हसतमुख, रजेवर आला की स्वतःची भाजी स्वतः निवडणारा. पहिलं वर्ष मी सासरी साताऱ्याकडंच काढलं, उसाच्या लावणीत आणि पाहुण्यांच्या चहात. केळ्यांवर चिलटं आली की सासूबाई फडक्यानं हाकलायच्या, आणि मी तोंड फिरवायचे. मग ह्यांची बदली झाली आणि कुटुंबाला क्वार्टर मिळालं. कुठं, तर बंगलोरला! सगळे आनंदले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बंगलोरात गेल्यावर कितीतरी दिवस मी तिकडं फिरकले नाही. ह्यांना सांगितलंही नाही की इथं माझ्या ओळखीचं कुणी आहे. ती सुखात असणार, तिच्यापुढं मी मंगळसूत्र आणि पिशवी घेऊन उभी राहणार, नकोच ते. पण रोज दुपारी कुकर लावला की मला वाटायचं, आता ती काय बघत असेल? शेवटी एका दुपारी राहवेना. पत्ता विचारत विचारत जाऊन पोहोचले.

ती होती तशीच होती. वेणी सुद्धा. कशी आहेस वगैरे तिनं काही विचारलं नाही. हाताला धरून मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, बघ.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग अंडं दिसलं. तेच, तांदळाच्या कणीच्या कणीएवढं, जे मी ब्रशच्या टोकावर हजारदा उचललं होतं. पण आता ते आतून पेटलं होतं. पोटात हिरवा उजेड साठलेला, कडेनं काळसर पेशींची ओळ, एकीला एक लागून. आत कुणीतरी घर बांधत होतं आणि दिवा लावून बांधत होतं. मला तिच्या जागी बसायचं होतं, रोज, सकाळपासून, आणि ती तिथं बसत होती. असा मत्सर मला आयुष्यात कधी वाटला नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि उजेड पसरट झाला. मी डोळा पुसला आणि पुन्हा लावला. नीट दिसत नव्हतं तरी जागा सोडवत नव्हती.

"हे तू काढलेलं सीरम," ती माझ्या मागून म्हणाली. "संपत आलंय."

तिनं मग हळूहळू सगळं सांगितलं. इथं नवे ससे आणलेत, टोचण्या झाल्यात, रेघाही चांगल्या येतात, पण रक्त काढायला गेलं की सीरम लालच होतं. तिचे प्रयत्न झाले, बाकीच्यांचे झाले. साहेब, म्हणजे सरांचे ते मित्र, माणूस शोधतायत. तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं की सांगलीची एकजण आहे. मी बंगलोरात आलेय हे तर तिला ठाऊकही नव्हतं.

मी अजून डोळा काढला नव्हता. माझ्या मनात तिच्याविषयी माया दाटून आली, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. ती इथं बसून हे रोज बघते आणि मी तिकडं कुकरच्या शिट्ट्या मोजते, हे मला आता एक दिवससुद्धा सहन होणार नव्हतं, एवढंच झालं. मी स्टुलावरून उठले, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पदर खोचला.

"ससे कुठं आहेत ते दाखव," मी म्हटलं.